विस्पंदांचे स्वरूप आणि स्वनविश्लेषणातील त्यांचे स्थान

तंबोरा जुळविणाऱ्या गवयाकडे ज्यांनी लक्षपूर्वक पाहिले आहे, त्यांना एक गोष्ट खचित परिचित असेल. जोडीच्या दोन तारा षड्जात मिळवीत असता, त्या जवळजवळ एकस्वर झाल्या की नादामध्ये एक संथ लाट उमटू लागते. नाद चढतो, ओसरतो, पुन्हा चढतो. खुंटी किंचित फिरविली, मणी केसभर सरकविला, की ही लाट मंदावते किंवा द्रुत होते. ती द्रुत झाली तर गवई हात उलट दिशेने वळवितो. मंदावत मंदावत ती लोप पावली, म्हणजे तारा 'मिळाल्या' असे तो मानतो. दोन स्वरांमधील जो भेद स्वरांची तुलना करून कानाला सहजी कळत नाही, तो या लाटेवरून अचूक कळतो. पदार्थविज्ञानात या चढउतारांना 'विस्पंद' अशी संज्ञा आहे.

या एकाच घटनेला निरनिराळ्या भाषांनी दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत. इंग्रजीतील 'बीट' आणि फ्रेंचमधील 'बातमाँ' या दोहोंत ठोका पडण्याची कल्पना आहे. जर्मन 'श्वेबुंग' हा शब्द अधांतरी तरंगण्याच्या क्रियेवरून आलेला आहे. बालीमधील वादक तिला 'ओंबाक', म्हणजे लाट, म्हणतात. एका भाषेने त्यात आघात ऐकला, दुसरीने तरंगणे, तिसरीने लाट. विस्पंद संथ असता ते लाटेसारखे भासतात व द्रुत झाले म्हणजे ठोक्यांसारखे, हे लक्षात घेतले तर या तिन्ही नावांत असत्य कोणतेच नाही.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर लेखाच्या उत्तरार्धात येईल. तूर्त एवढेच सांगतो की, विस्पंदांचे स्वरूप नीट न समजल्यामुळे प्रस्तुत लेखकाच्या हातून एकदा एक सबंध कोष्टक चुकले होते, आणि तीच चूक आजही विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत अधूनमधून आढळते.

१

प्रथम विस्पंद कसे निर्माण होतात ते पाहू. एका सेकंदात होणाऱ्या कंपनांच्या संख्येस कंप्रता म्हणतात. आपल्या संगीतविषयक ग्रंथांत हिलाच आंदोलनसंख्या म्हटलेले आढळते. समजा, दोन नादकाटे आहेत. एकाची कंप्रता २५६ व दुसऱ्याची २६० आहे, आणि दोन्ही एकाच क्षणी, एकाच कलेत कंप पावू लागले आहेत. आरंभी दोघांचे तरंग पावलाला पाऊल मिळवून चालतात. हवेवरील दाब एक वाढवितो तेव्हा दुसराही वाढवितो, आणि नाद मोठा होतो. परंतु एक अष्टमांश सेकंदानंतर पहिल्याची ३२ कंपने पुरी झालेली असतात, तर दुसऱ्याची साडेबत्तीस. म्हणजे दुसरा अर्ध्या कंपनाने पुढे गेलेला असतो. या क्षणी एक दाब वाढवितो तेव्हा दुसरा नेमका तेवढाच कमी करतो, आणि नाद जवळजवळ नाहीसा होतो. पाव सेकंदानंतर पहिल्याची ६४ व दुसऱ्याची ६५ कंपने होतात. दुसरा एक पूर्ण कंपनाने पुढे गेला, याचाच अर्थ दोघे पुन्हा एका पावलावर आले. अशा रीतीने पाव सेकंदात एक चढ व एक उतार होतो, आणि सेकंदात असे चार विस्पंद ऐकू येतात. विस्पंदांची संख्या ही दोन कंप्रतांच्या वजाबाकीइतकी असते, हा नियम यावरून सिद्ध होतो.

त्रिकोणमितीच्या साहाय्याने हीच गोष्ट मांडली असता एक शंका हमखास निघते. समान परमप्रसराच्या दोन तरंगांची बेरीज ही एका गुणाकाराच्या रूपात लिहिता येते. त्यातील एक अवयव दोन्ही कंप्रतांच्या सरासरीने, येथे २५८ ने, कंप पावतो; दुसरा त्यांच्या अंतराच्या निम्म्याने, येथे २ ने, सावकाश बदलत राहून पहिल्याभोवती वेष्टनासारखा असतो. मग विस्पंद दोन न होता चार का? याचे कारण असे की, हा सावकाश बदलणारा अवयव एका आवर्तनात दोनदा आपल्या टोकास पोचतो. एकदा धन बाजूस व एकदा ऋण बाजूस. कान हा नादाची तीव्रता जाणतो, तिचे चिन्ह जाणत नाही. दोन्ही टोके त्यास सारखीच मोठी भासतात, म्हणून दोनाच्या दुपटीने चार विस्पंद होतात.

ऊर्जेचे गणितही येथेच पाहून घ्यावे. दोन्ही तरंग एका पावलावर असता परमप्रसर दुप्पट होतो, आणि तीव्रता ही परमप्रसराच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती एकट्या तरंगाच्या चौपट होते. उलट क्षणी ती शून्य असते. सरासरी काढली तर दुप्पट, म्हणजे दोन स्वतंत्र ध्वनींच्या तीव्रतांची बेरीजच भरते. विस्पंदांमध्ये ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही वा नष्टही होत नाही. तिची वाटणी मात्र काळानुसार कमीअधिक होते. दोन्ही ध्वनी सारखे प्रबळ नसतील तर नाद पूर्णपणे लोपत नाही. एकाचा परमप्रसर दुसऱ्याच्या निम्मा असल्यास एकूण परमप्रसर दीडपट व अर्धा या मर्यादांत हेलकावत राहतो.

२

विस्पंदांविषयीचा सर्वांत रूढ गैरसमज असा की, २५६ व २६० या दोन स्वरांपासून ४ कंप्रतेचा एक तिसरा, अतिमंद्र ध्वनी तयार होतो. हे खरे नाही. मिश्र ध्वनीचे त्याच्या घटकांत पृथक्करण केले तर त्यात २५६ व २६० हे दोनच घटक मिळतात. ४ या स्थानी काहीही मिळत नाही. ४ कंप्रतेला प्रतिसाद देणारा अनुनादक तेथे आणून ठेवला तरी तो स्तब्धच राहील. विस्पंद म्हणजे ध्वनी नव्हे. ध्वनीच्या मोठेपणात होणारा तो बदल होय. दिवा सेकंदात चार वेळा उघडमीट केला म्हणून प्रकाशाला नवा रंग प्राप्त होत नाही, तसेच हे आहे.

आता, दोन मोठे स्वर एकत्र वाजत असता कधीकधी तिसरा मंद्र स्वर खरोखर ऐकू येतो, हे अनुभवसिद्ध आहे. इटालियन व्हायोलिनवादक तार्तिनी याने १७५४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा 'तिसऱ्या स्वरा'चे वर्णन केले आहे. परंतु त्याची उपपत्ती निराळी आहे. कानातील यंत्रणा आलेल्या दाबाला तंतोतंत प्रमाणशीर प्रतिसाद देत नाही, आणि त्या विकृतीतून हे अंतर-स्वर जन्मास येतात. विस्पंदांसाठी अशा विकृतीची गरज नसते. केवळ बेरीज पुरते. या दोन घटनांची सरमिसळ करू नये.

३

विस्पंद मोजता येतात, आणि कानाने मोजता येतात, हे त्यांचे मोठे माहात्म्य. सेकंदाला शेकडो कंपने मोजणे ज्या काळी कोणत्याही उपकरणास साध्य नव्हते, त्या काळी विस्पंद मोजून कंप्रता काढण्याची युक्ती फ्रान्समधील जोसेफ सोव्हर याने अठराव्या शतकाच्या आरंभी योजिली. ऑर्गनच्या दोन नळ्या २४ व २५ या प्रमाणात जुळविल्या आणि त्या एकत्र वाजवून सेकंदास ४ विस्पंद मोजले, तर वजाबाकी ४ व प्रमाण २४ : २५ या दोन गोष्टींवरून कंप्रता ९६ व १०० याच असल्या पाहिजेत. ध्वनिशास्त्रास 'आकुस्तिक' हे नाव देणाऱ्या या संशोधकाची श्रवणशक्ती स्वतः अधू होती, हे विशेष होय.

याहून सुंदर युक्ती क्रेफेल्ड येथील योहान हाइनरिख शाइबलर या रेशीम-कारखानदाराची. त्याने १८३४ साली आपल्या स्वरमापकाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात ५६ नादकाटे होते. प्रत्येक काटा आपल्या मागच्याशी सेकंदाला ४ विस्पंद देई, आणि शेवटचा पहिल्याचा अचूक वरचा सप्तक-स्वर होता. ५६ काट्यांमध्ये ५५ अंतरे, म्हणजे पहिल्या व शेवटच्या काट्यात ५५ गुणिले ४, अर्थात २२० चा फरक. परंतु सप्तकात वरच्या स्वराची कंप्रता खालच्याच्या दुप्पट असते, म्हणून हा फरक खालच्या स्वराच्या कंप्रतेइतकाच असला पाहिजे. सबब पहिला काटा २२० चा व शेवटचा ४४० चा. केवळ घड्याळ व कान यांच्या बळावर एवढी अचूकता साधली गेली.

या परंपरेतील पुढचे नाव आमच्या विषयाच्या लोकांना जवळचे वाटावे असे आहे. अलेक्झांडर जॉन एलिस हा मूळचा ध्वनिविज्ञ. जुन्या इंग्रजीच्या उच्चारावरील त्याचा बहुखंडी ग्रंथ भाषाविज्ञानात प्रसिद्ध आहे. त्यानेच हेल्महोल्ट्झच्या स्वरसंवेदनाविषयक ग्रंथाचे १८७५ साली इंग्रजीत भाषांतर केले, आणि नादकाट्यांच्या साहाय्याने देशोदेशींच्या वाद्यांचे स्वर मोजून १८८५ साली 'विविध राष्ट्रांची स्वरसप्तके' या विषयावर आपले विवेचन मांडले. सप्तकाचे १२०० समान भाग करणारे 'सेंट' हे माप त्याचेच. मोजणीअंती तो या निष्कर्षास आला की, जगातील सप्तके एकाच निसर्गनियमातून निघालेली नसून ती नानाविध आहेत. महाराष्ट्रात सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचे साहाय्य घेऊन बावीस श्रुतींविषयी जो ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केला, तोही स्वर कानावर सोडून न देता संख्येत आणण्याच्या याच प्रेरणेचा आविष्कार होय.

४

आतापर्यंत आपण शुद्ध, एकच घटक असलेले ध्वनी गृहीत धरले. तार, पेटीचा सूर किंवा मनुष्याचा कंठ यांतून निघणारा ध्वनी असा नसतो. त्यात मूळ कंप्रतेबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंप्रतांचे उपस्वर असतात. तंबोऱ्याच्या घोडीची रचना व तीवरील जवारीचा दोरा यांमुळे हे उपस्वर किती विपुल होतात, याचे विवेचन चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली केले आहे. विस्पंद हे उपस्वरांमध्येही घडतात, आणि म्हणूनच निरनिराळे स्वरदेखील एकमेकांशी 'मिळविता' येतात.

उदाहरणार्थ, षड्ज १३२ चा असेल तर मंद्र पंचम ९९ चा हवा. पंचमाचा चौथा उपस्वर ३९६ व षड्जाचा तिसरा उपस्वरही ३९६; दोन्ही एकत्र पडतात व नाद स्थिर राहतो. पंचम चुकून १०० चा लागला, तर त्याचा चौथा उपस्वर ४०० होतो आणि सेकंदाला ४ विस्पंद उमटतात. एका कंपनाची चूक येथे चौपट होऊन कानावर येते. समान अंतरे राखलेल्या पाश्चात्य पट्टीत षड्ज २६१.६ चा धरला तर गंधार ३२९.६ चा येतो. षड्जाचा पाचवा उपस्वर १३०८ व गंधाराचा चौथा १३१८. म्हणजे सेकंदाला सुमारे दहा विस्पंद. तंबोऱ्याच्या संगतीत पेटीचा गंधार ज्यांना खुपतो, त्यांचे कान या दहा विस्पंदांची साक्ष देत असतात.

हेल्महोल्ट्झने आपल्या १८६३ च्या मूळ ग्रंथात विसंवादाची जी उपपत्ती दिली, ती याच पायावर उभी आहे. विस्पंद सेकंदाला चारपाच असता ते सुखद लाटेसारखे वाटतात; ते वाढत जाऊन तिसाच्या आसपास आले म्हणजे मोजता येत नाहीत, पण नाद खरखरीत होतो. मात्र विस्पंद म्हणजे दोष, असे सार्वत्रिक विधान करता येणार नाही. बालीच्या गामेलानमध्ये वाद्ये जोडीने घडवितात, आणि जोडीतील एक वाद्य दुसऱ्याहून हेतुपुरस्सर किंचित चढे ठेवतात. त्यातून निघणारा 'ओंबाक' हाच तेथे नादाचा प्राण मानला जातो. गवई ज्या लाटेला घालवितो, तीच लाट बालीचा कारागीर मोजूनमापून घडवितो.

५

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. २५६ व २६० एकत्र वाजले तर हेलकावणारा एकच स्वर ऐकू येतो. परंतु २५६ व ३८४ एकत्र वाजले तर दोन स्वर, षड्ज व पंचम, वेगळे ऐकू येतात. गणित दोन्ही ठिकाणी एकच आहे. बेरीज तीच, वेष्टनही तसेच. मग कान एके ठिकाणी काळातील चढउतार ऐकतो व दुसऱ्या ठिकाणी दोन स्वर ऐकतो, हे कसे?

याचे उत्तर कानाच्या रचनेत आहे. अंतःकर्णातील पटल हे निरनिराळ्या कंप्रतांना निरनिराळ्या जागी प्रतिसाद देते. या विषयावरील संशोधनासाठी गेओर्ग फॉन बेकेशी यांस १९६१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही जागा बिंदूवत नसते, तिला रुंदी असते. कान जणू अनेक खिडक्यांतून ध्वनी पाहतो, आणि मंद्र प्रदेशात अशा प्रत्येक खिडकीची रुंदी ढोबळमानाने शंभर कंप्रतांची असते. दोन घटक एकाच खिडकीत शिरले, तर ते तेथे मिसळून विस्पंद देतात. निराळ्या खिडक्यांत गेले, तर ते निराळे स्वर म्हणून ऐकू येतात. खिडकी जितकी अरुंद, तितका कंप्रतांतील भेद स्पष्ट. परंतु तितकाच काळातील भेद अस्पष्ट. चार कंप्रतांचा भेद ओळखावयाचा तर किमान पाव सेकंद, म्हणजे एक विस्पंद पुरा होईपर्यंत, ऐकणे भागच आहे. कंप्रता व काळ या दोहोंचे एकाच वेळी हवे तितके सूक्ष्म ज्ञान होऊ शकत नाही, हे तत्त्व डेनिस गाबोर यांनी १९४६ साली गणिताने मांडले. विस्पंद हे त्याचे कानाला ऐकू येणारे रूप आहे.

अर्थात कानाची गोष्ट केवळ खिडक्यांवर संपत नाही. एका कानात एक व दुसऱ्या कानात किंचित निराळा स्वर सोडला, तर हवेत त्यांचे मिश्रण मुळीच होत नाही. तरीही सुमारे हजार कंप्रतेच्या खालील स्वरांसाठी एक पुसट हेलकावा जाणवतो. दोन्ही कानांकडून येणारे मज्जासंदेश मेंदूच्या खालच्या भागात एकत्र येतात, तेथे हा हेलकावा उद्भवतो.

६

भाषणध्वनींचे आलेख काढणारा स्पेक्ट्रोग्राफ बेल प्रयोगशाळेत तयार झाला व १९४६ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्यात दोन गाळण्या होत्या. एक ४५ कंप्रता रुंदीची व दुसरी ३०० कंप्रता रुंदीची. आज अॅम्स्टरडॅमच्या बूर्स्मा व वेनिंक यांनी तयार केलेली 'प्राट' ही संगणकप्रणाली आमचे विद्यार्थी वापरतात. तिच्यात पाच सहस्रांश सेकंदाचा गवाक्ष निवडला म्हणजे गाळणीची रुंदी सुमारे २६० होते.

१२० कंप्रतेच्या पुरुषी आवाजात १२०, २४०, ३६० असे उपस्वर असतात. अरुंद गाळणीतून एका वेळी एकच उपस्वर जातो, म्हणून आलेखावर आडव्या रेघा दिसतात. रुंद गाळणीतून शेजारचे दोनतीन उपस्वर एकत्र जातात, आणि तेथे त्यांचे सेकंदाला १२० विस्पंद होतात. आलेखावर ज्या बारीक उभ्या रेघा दिसतात व ज्यांना आपण स्वरतंतूंच्या एकेका मिटण्याची खूण मानतो, त्या म्हणजे हेच विस्पंद होत. उभ्या रेघा व आडव्या रेघा ही एकाच घटनेची दोन दर्शने आहेत. फरक केवळ खिडकीच्या रुंदीचा.

प्रस्तुत लेखकाची चूक येथेच घडली. संशोधनाच्या आरंभीच्या काळात त्याने एका लहान मुलीच्या उच्चारातील 'ए' या स्वराचे मापन केले. विधानार्थी वाक्यात पहिला फॉर्मंट ५६० च्या आसपास मिळाला व प्रश्नार्थी वाक्याच्या अखेरीस ६८० च्या आसपास. प्रश्नात 'ए' अधिक विवृत होतो, असा निष्कर्ष काढून त्याने तो कोष्टकासह लिहूनही ठेवला. काही दिवसांनी कोष्टकाच्या शेजारच्या रकान्यात मांडलेल्या आवाजाच्या मूळ कंप्रतेकडे दृष्टी गेली. ती पहिल्या ठिकाणी २८० व दुसऱ्या ठिकाणी ३४० होती. दोन्ही ठिकाणी 'फॉर्मंट' हा नेमका तिच्या दुप्पट होता! मुलीच्या आवाजातील उपस्वर एकमेकांपासून इतके दूर होते की रुंद समजली जाणारी गाळणीदेखील त्यांच्या दृष्टीने अरुंद ठरली होती. दोन उपस्वर एका खिडकीत एकत्र येत नव्हते, म्हणून विस्पंद नव्हते. विस्पंद नव्हते, म्हणून आलेखावर उभ्या रेघा नव्हत्या. जो पट्टा मुखविवराचा गुणधर्म म्हणून मोजला, तो कंठाचा दुसरा उपस्वर होता. 'ए' विवृत झाला नव्हता. प्रश्न विचारताना मुलीचा सूर चढला होता, इतकेच.

यावरून अभ्यासकांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. स्त्रिया व मुले यांच्या उच्च आवाजांच्या आलेखावर उभ्या रेघा दिसत नसतील, तर आडव्या पट्ट्यांना फॉर्मंट म्हणण्यापूर्वी थांबावे. सूर चढत असता सर्व पट्टे त्याच प्रमाणात वर चढत असतील, तर ते उपस्वर होत. मुखाची ठेवण न बदलता फॉर्मंट असे चढत नाहीत. आणि मापन हे मूळ कंप्रतेच्या पूर्णपटीत येत असेल, तर त्या योगायोगावर विश्वास ठेवू नये. असे आवाज गवाक्ष आणखी आखूड करून व अन्य पद्धतींशी ताडून पाहणेच इष्ट.

तारा मिळविणारा गवई लाट ऐकतो आणि तीवरून तारांविषयी अनुमान करतो. लाट ही स्वतंत्र तिसरी तार आहे, असे तो कधीही मानीत नाही. आलेख वाचणाऱ्यानेही तेवढा विवेक राखला पाहिजे. पडद्यावरील रेघ ध्वनीची किती व गाळणीची किती, हा प्रश्न प्रत्येक मापनापूर्वी स्वतःस विचारावा. ते चुकलेले कोष्टक प्रस्तुत लेखकाने अद्याप जपून ठेवले आहे, आणि दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना पहिला आलेख दाखविण्यापूर्वी तो ते त्यांच्यापुढे ठेवतो.